पुढच्या धक्क्याआधी

१३ फेब्रुवारी २०२१. रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी ईशान्य जपानचा किनारा पुन्हा एकदा हादरला. भूकंप ७.३ तीव्रतेचा होता आणि त्याचं केंद्र फुकुशिमाच्या समुद्राखाली होतं. दहा वर्षांपूर्वीच्या महाभूकंपाचाच हा पश्चात धक्का असावा, असं जपानच्या हवामान संस्थेनं सांगितलं. मोठी त्सुनामी आली नाही. फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्राच्या आवारात किरणोत्सर्गाची पातळी वाढली नाही. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या काही दिवसांत मात्र एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. युनिट १ आणि युनिट ३ च्या अणुभट्ट्यांभोवतीच्या पोलादी धारकपात्रांतलं पाणी हळूहळू खाली जात होतं. २०११ मध्ये या पात्रांना पडलेल्या भेगा या धक्क्यानं रुंदावल्या असाव्यात. किरणोत्सारी पाण्याच्या काही टाक्या जागेवरून सरकल्या होत्या. २२ फेब्रुवारीला टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीनं, म्हणजे टेप्कोनं, अणु नियमन प्राधिकरणासमोर आणखी एक गोष्ट मान्य केली. स्फोटात मोडलेली इमारत धक्क्यात कशी हलते हे कळावं म्हणून युनिट ३ मध्ये २०२० साली दोन भूकंपमापक बसवले होते. त्यातला एक जुलैमध्ये पावसाच्या पाण्यानं बिघडला आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये. दोन्ही दुरुस्त न होता तसेच पडून राहिले. ज्या धक्क्यासाठी ते बसवले होते तो आला, तेव्हा नोंद घ्यायला एकही चालू नव्हता.

फुकुशिमाची गोष्ट आपण बहुतेकदा भूतकाळात सांगतो. भूकंप झाला, लाट आली, स्फोट झाले, गावं रिकामी झाली. पण ते केंद्र आजही तिथेच उभं आहे. त्याच्या पोटात वितळून घट्ट झालेलं इंधन आहे, युनिट १ आणि २ च्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर वापरलेल्या इंधनाचे हौद आहेत आणि खालची जमीन अजून स्थिरावलेली नाही. या केंद्राच्या साठ वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे काम वेळेवर झालं त्यानं माणसं वाचवली, जे पुढे ढकललं त्यानं गावं ओस पाडली. आज तिथे चाललेल्या कामाकडेही याच नजरेनं पाहायला हवं.

कापलेला कडा

केंद्र बांधण्याआधी त्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीपासून तीसेक मीटर उंचीचा कडा होता. १९६० च्या दशकात तो कापून पहिल्या चार युनिटांसाठी दहा मीटर उंचीवर सपाट जागा तयार केली गेली. पाया भक्कम खडकावर बसावा आणि समुद्राचं पाणी वर खेचायला कमी वीज लागावी, हा विचार त्यामागे होता. त्सुनामीचा हिशेब १९६० मध्ये चिलीहून आलेल्या लाटेवरून मांडला होता आणि तो जेमतेम तीन मीटरांचा होता. युनिट १ मधून १९७१ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे सहा युनिटं उभी राहिली.

११ मार्च २०११ रोजी दुपारी दोन वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा युनिट १, २ आणि ३ चालू होती. ४, ५ आणि ६ तपासणीसाठी बंद होती. धक्का जाणवताच चालू अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे झालं. पण अणुभट्टी बंद झाली तरी तिची उष्णता संपत नाही. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहावेत तशी विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्यं उष्णता देत राहतात. त्यांना दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने पाणी द्यावं लागतं. पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज.

ती वीज पहिल्यांदा तोडली ती भूकंपानं, हे सहसा सांगितलं जात नाही. बाहेरून येणाऱ्या वाहिन्या धक्क्यानं निकामी झाल्या. युनिट ५ आणि ६ कडे येणारा एक मनोरा जवळचा भराव खचून कोसळला. डिझेल जनरेटर सुरू झाले आणि साधारण पन्नास मिनिटं त्यांनी केंद्र तोलून धरलं. मग चौदा-पंधरा मीटर उंचीपर्यंत चढलेली लाट आली. तळघरातले जनरेटर आणि विजेची कपाटं बुडाली. पुढच्या चार दिवसांत तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं आणि १, ३ व ४ या युनिटांच्या इमारती हायड्रोजनच्या स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या.

जमिनीच्या हादऱ्याचा जोर ‘गॅल’ या एककात मोजतात. त्या दिवशी युनिट २ च्या पायापाशी पूर्व-पश्चिम दिशेनं ५५० गॅलची नोंद झाली. आराखड्यात धरलेला आकडा ४३८ होता. युनिट ३ आणि ५ मध्येही आराखड्यातली मर्यादा ओलांडली गेली. जपानच्या संसदेनं नेमलेल्या आणि डॉ. कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र चौकशी आयोगानं २०१२ मध्ये अहवाल दिला. ही आपत्ती मानवनिर्मित आहे, असं त्यानं म्हटलं. लाट येण्याआधी केवळ भूकंपानं युनिट १ च्या यंत्रणेचं नुकसान झालंच नसेल असं ठामपणे म्हणता येत नाही, असंही त्यानं नोंदवलं. इतर तपासांनी मुख्य दोष लाटेवर ठेवला आहे. पण मोडलेल्या केंद्राचा विचार करताना आयोगाची ही शंका बाजूला सारता येत नाही, कारण पुढचा धक्का आधीच घायाळ झालेल्या भिंतींना बसणार आहे.

ज्यांनी वाट पाहिली नाही

मोठ्या लाटेचा इशारा कुणी दिला नव्हता, असं नाही. जुलै २००२ मध्ये जपान सरकारच्या भूकंप संशोधन मुख्यालयानं सांगितलं होतं की जपान खंदकाच्या कुठल्याही भागात, म्हणजे फुकुशिमासमोरही, मोठी त्सुनामी आणणारा भूकंप होऊ शकतो. २००८ मध्ये टेप्कोच्याच अभियंत्यांनी त्यावरून गणित मांडलं. केंद्राच्या आवारात लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकते, असं उत्तर आलं. भिंत बांधण्याऐवजी प्रश्न पुढच्या अभ्यासासाठी स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेकडे पाठवला गेला. जून २००९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ युकिनोबू ओकामुरा यांनी सरकारी समितीच्या बैठकीत इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीकडे लक्ष वेधलं. सेंदाईच्या मैदानात त्या लाटेनं आतवर आणून टाकलेल्या वाळूचे थर सापडले होते. तरी काम हललं नाही. टेप्कोनं १५.७ मीटरचा आकडा सरकारी नियामकाला सांगितला तो ७ मार्च २०११ रोजी. लाट यायला चार दिवस उरले होते.

आता त्याच किनाऱ्यावरची दुसरी उदाहरणं पाहू.

ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं. तिथेही लाट सुमारे तेरा मीटरची आली. पण तोहोकू इलेक्ट्रिक कंपनीचे उपाध्यक्ष राहिलेले अभियंते यानोसुके हिराई यांनी १९६० च्या दशकात आग्रह धरला होता की केंद्राची जागा चौदा मीटरहून उंच हवी. खर्च वाढतो, अशी तक्रार तेव्हाही झाली असणार. हिराई १९८६ मध्ये वारले. पंचवीस वर्षांनी त्यांच्या आग्रहामुळे ते केंद्र सुरक्षितपणे बंद झालं, आणि घरं वाहून गेलेल्या आसपासच्या शेकडो गावकऱ्यांना त्याच केंद्राच्या आवारात आसरा मिळाला.

दक्षिणेला इबाराकी प्रांतातल्या तोकाई केंद्राच्या पंपांभोवतीची भिंत प्रांत सरकारच्या २००७ च्या त्सुनामी अंदाजानंतर ६.१ मीटरपर्यंत वाढवली होती. लाट ५.४ मीटरची आली. भिंतीतली काही छिद्रं बुजवायची राहिली होती, त्यातून पाणी शिरलं आणि तीनपैकी एक जनरेटर बंद पडला. दोन वाचले आणि त्यांनी केंद्र वाचवलं.

खुद्द फुकुशिमा दाईचीतही असं एक उदाहरण आहे. जुलै २००७ मध्ये निइगाता प्रांतातल्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपानं टेप्कोच्याच काशिवाझाकी-कारिवा केंद्राला तडाखा दिला. ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि आपत्कालीन कक्षाचं दार वाकून अडकल्यानं माणसांना आत जाता येईना. त्यातून धडा घेऊन दाईचीत भूकंपाचे हादरे शोषून घेणारी खास इमारत बांधली गेली. ती जुलै २०१० मध्ये वापरात आली. आठ महिन्यांनी केंद्रप्रमुख मासाओ योशिदा आणि त्यांचे सहकारी त्याच इमारतीतून अणुभट्ट्यांशी झुंजत होते. ती इमारत नसती तर त्या दिवसांत केंद्रात माणसांनी टिकून राहणंच अशक्य झालं असतं. योशिदा २०१३ मध्ये कर्करोगानं गेले.

एकाच किनाऱ्यावर, एकाच लाटेत उंच ठेवलेली जागा, वाढवलेली भिंत आणि वेळेत झालेली एक इमारत कामी आली. अभ्यासासाठी पाठवलेली भिंत मात्र कागदावरच राहिली. न्यायालयांनी यावर वेगवेगळे निकाल दिले. टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं २०२२ मध्ये टेप्कोच्या माजी अधिकाऱ्यांना तेरा लाख कोटी येनहून अधिक भरपाई देण्यास सांगितलं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. फौजदारी खटल्यातही शेवटपर्यंत कुणी दोषी ठरलं नाही. कायद्याच्या दृष्टीनं लाट आधी ओळखता येण्याजोगी होती का, हा वाद वकिलांसाठी संपला असेल. किनाऱ्यावरच्या माणसांसाठी त्याचं उत्तर ओनागावानं दिलेलं आहे.

चौथ्या इमारतीतला हौद

मोडलेल्या केंद्रात भूकंपाची भीती काय असते, हे जगाला युनिट ४ नं शिकवलं. ती अणुभट्टी रिकामी होती. पण तिच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या हौदात इंधनाचे १,५३५ संच पाण्याखाली ठेवले होते. १५ मार्चला ती इमारत स्फोटानं फुटली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी याट्स्को यांनी आपल्या संसदेपुढे सांगितलं की हौदात पाणी उरलेलं नाही. अमेरिकेनं आपल्या नागरिकांना केंद्रापासून ऐंशी किलोमीटर दूर जायला सांगितलं.

तो अंदाज चुकीचा निघाला. दुरुस्तीसाठी शेजारची अणुभट्टीची विहीर पाण्यानं भरलेली होती आणि ती रिकामी करायचं काम लांबलं होतं. तिथलं पाणी मधल्या दारातून हौदात उतरलं आणि इंधन झाकलेलं राहिलं. देशाचं नशीब त्या दिवसांत एका योगायोगावर तरलं. कारण जपानच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष शुनसुके कोंदो यांनी पंतप्रधान नाओतो कान यांच्यासाठी तयार केलेल्या सर्वात वाईट शक्यतेच्या टिपणात असं मांडलं होतं की हौदांमधलं इंधन उघडं पडलं तर १७० किलोमीटरपर्यंतची वस्ती हलवावी लागेल आणि २५० किलोमीटरपर्यंत लोकांना स्वेच्छेनं स्थलांतर करू द्यावं लागेल. टोकियो या दुसऱ्या वर्तुळाच्या आत येतं.

भीती स्फोटासोबत संपली नाही. पुन्हा मोठा भूकंप आला, तडे गेलेली इमारत कलली आणि हौद फुटला तर काय, हा प्रश्न जगभर विचारला जात होता. या वेळी काम थांबलं नाही. जुलै २०११ पर्यंत हौदाखाली पोलादी खांब आणि काँक्रीटचा आधार उभा राहिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये संच बाहेर काढायला सुरुवात झाली आणि डिसेंबर २०१४ पर्यंत सगळे १,५३५ संच सुरक्षित ठिकाणी पोचले. पुढे युनिट ३ मधले ५६६ संच दुरून चालवलेल्या यंत्रांनी काढले गेले आणि ते काम फेब्रुवारी २०२१ मध्ये संपलं. हजारो कामगारांनी मास्क आणि संरक्षक पोशाखांत, किरणोत्सर्गाचा हिशेब ठेवत हे साधलं. भूकंपाचा सर्वात मोठा धोका त्यांनी हातानं उचलून बाजूला ठेवला. त्यांच्या या कामाचा उल्लेख आदरानंच व्हायला हवा.

आज काय उभं आहे

तरीही यादी संपलेली नाही. युनिट १ च्या हौदात ३९२ आणि युनिट २ च्या हौदात ६१५ संच अजून आहेत. युनिट १ चं छत स्फोटात कोसळलं, तेव्हा अवजड क्रेन आणि इंधन हाताळणारं यंत्र हौदावरच अडकून राहिलं. धक्क्यात ते खाली पडू नये म्हणून २०२० मध्ये त्याला आधार दिले गेले आणि हौदावर संरक्षक आच्छादन टाकलं गेलं. इथले संच काढायचं काम आधी २०१७ मध्ये सुरू व्हायचं होतं. मग २०२० ठरलं, मग २०२३. आता २०२७ ते २०२८ ही आर्थिक वर्षं धरली आहेत.

त्याहून गंभीर आहे ते युनिट १ च्या तळाशी. अणुभट्टीचं सुमारे ४४० टनांचं पोलादी दाबपात्र एका गोल, जाड काँक्रीटच्या भिंतीवर बसलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये पाण्याखालचा रोबो या भिंतीच्या आतल्या बाजूला पोचला. त्यानं पाठवलेल्या चित्रांत आतल्या बाजूचं तळाजवळचं काँक्रीट जवळपास सगळीकडे नाहीसं झालेलं दिसलं. उरल्या होत्या नुसत्या उघड्या सळया. वितळलेलं इंधन खाली उतरलं, तेव्हा काँक्रीट त्या उष्णतेत गेलं असावं. बाजूचे आधार असल्यानं पात्र कोसळण्याची शक्यता कमी आहे, असं टेप्कोचं म्हणणं आहे. समजा ते खचलंच, तरी आवाराच्या हद्दीवर पोचणारा किरणोत्सर्ग मर्यादेच्या खूप खाली राहील, असा त्यांचा हिशेब आहे. भिंतीनं आधार सोडलाच असं धरून पूर्ण तयारी करा, असं अणु नियमन प्राधिकरणानं त्यांना बजावलं. नियामकानं घ्यायला हवी तीच ही भूमिका आहे. आत जाऊन मोजता येत नाही अशा जागी वाईटातलं वाईट धरूनच चालावं लागतं.

काही कामं वेळेत झाली, तीही सांगायला हवीत. युनिट १ आणि २ मधली १२० मीटर उंचीची वायू बाहेर सोडण्याची नळी, जिच्या आधारांना तडे गेले होते, एका स्थानिक कंपनीनं दुरून चालणाऱ्या करवतीनं वरून कापत आणली. मे २०२० मध्ये ती ५९ मीटरवर आली. कुरील खंदकातल्या भूकंपाच्या त्सुनामीसाठी अकरा मीटर उंचीची भिंत २०२० मध्ये बांधून झाली. जपान खंदकातल्या त्याहून मोठ्या लाटेसाठी तेरा ते सोळा मीटरची, सुमारे एक किलोमीटर लांबीची भिंत मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाली. २००८ च्या गणितात दिसलेल्या लाटेला तोंड देईल अशी भिंत उभी राहायला सोळा वर्षं लागली.

शुद्धीकरण केलेलं पाणी साठवलेल्या टाक्या एक हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत तेरा लाख टनांच्या घरात पाणी होतं. ऑगस्ट २०२३ पासून ते विरळ करून समुद्रात सोडलं जातं. मासेमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांच्या भीतीची बाजू मोठी आहे. पण भूकंपाच्या दृष्टीनं पाहिलं तर इतकं पाणी टाक्यांमध्ये कायम धरून ठेवणं हाही धोकाच होता. जवळपास जोराचा धक्का बसला की पाणी सोडणं थांबवायचं, असा नियम आहे. मार्च २०२४ मध्ये ५.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर ते तसं थांबवलं गेलं. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचात्कात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या इशाऱ्यामुळे केंद्रातले कामगार उंचावर गेले आणि पाणी सोडणं पुन्हा थांबलं. हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपानंही इथलं काम थांबतं.

शांत न झालेली जमीन

जपान खंदकात पॅसिफिक भूपट्ट दरवर्षी आठ-नऊ सेंटीमीटर वेगानं जपानच्या खाली सरकतो आहे. २०११ मध्ये खंदकाजवळ एका क्षणात पन्नास मीटरांच्या आसपास सरकणं झालं. इतक्या मोठ्या उलथापालथीनंतर आसपासच्या जमिनीतले ताण बदलतात. जिथे शतकानुशतकं दाब होता तिथे ताण येतो, आणि झोपलेल्या समजल्या गेलेल्या भेगा जाग्या होतात.

त्याचा पुरावा महिन्याभरातच मिळाला. ११ एप्रिल २०११ रोजी केंद्राच्या दक्षिणेला इवाकीजवळ जमिनीवर मोठा भूकंप झाला. तेव्हा हललेल्या भेगांपैकी युनोदाके ही भेग टेप्कोनं पूर्वी निष्क्रिय मानली होती. त्या धक्क्यानं दाईचीतल्या अणुभट्ट्यांना पाणी देणारे पंप पाऊणएक तास बंद पडले. २०१२ मध्ये दापेंग झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाखालच्या खडकांचा भूकंपलहरींवरून अभ्यास प्रसिद्ध केला. इवाकीच्या भूकंपाला खोलवरून वर आलेल्या द्रवांनी हातभार लावला असावा आणि केंद्राच्या परिसराखालीही तशीच रचना दिसते, म्हणून तिथल्या सुरक्षेत वाढ करावी, असा त्याचा आशय होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये, फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि मार्च २०२२ मध्ये फुकुशिमाच्या समुद्रात सातच्या वरचे धक्के बसले. २०२२ च्या धक्क्यानं शिनकान्सेन ही वेगवान रेल्वे रुळावरून उतरली, टोकियोपर्यंत लाखो घरांची वीज गेली आणि दाईचीत युनिट २ च्या हौदाचं शीतकरण काही तास थांबलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण घबराट पसरवणं हाही अन्यायच आहे. आजचं दाईची २०११ चं दाईची नाही. हौदातल्या संचांची उष्णता इतक्या वर्षांत खूप उतरली आहे. शीतकरण थांबलं तरी धोकादायक तापमानाला पोचायला आता दिवस लागतात. तेवढ्या वेळात पर्यायी पंप जोडता येतो. वितळून गोठलेल्या इंधनालाही आता थोड्याच पाण्याची गरज आहे. टोकियो रिकामं करावं लागेल अशी भीती आज कुणी घालत असेल तर ती खरी नाही. खरा धोका वेगळ्या जातीचा आहे. आत काय आहे हे नीट न दिसणाऱ्या, माणसाला जवळ जाता न येणाऱ्या, दरवर्षी जुन्या होत जाणाऱ्या इमारतींवर धक्क्यांची मालिका चालू राहणार आहे. प्रत्येक धक्का थोडी भेग वाढवेल, थोडं पाणी गळवेल, काम काही आठवडे मागे नेईल. आणि काम जितकं मागे जाईल तितके धक्के त्या इमारतींना जास्त सोसावे लागतील.

हे दुष्टचक्र आहे. तीन अणुभट्ट्यांमध्ये मिळून सुमारे ८८० टन वितळलेलं इंधन आणि मलबा असल्याचा अंदाज आहे. त्यातला पहिला नमुना बाहेर आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि त्याचं वजन एक ग्रॅमही नव्हतं. एप्रिल २०२५ चा दुसरा नमुना त्याहून लहान. मोठ्या प्रमाणावर मलबा काढायचं काम युनिट ३ पासून सुरू व्हायचं आहे आणि ते आता २०३७ किंवा त्याच्याही पुढे ढकललं गेलं आहे. सारं केंद्र २०५१ पर्यंत मोडीत काढायचं, हे उद्दिष्ट कागदावर कायम आहे. तोवर त्या किनाऱ्यावर सातच्या वरचे किती धक्के बसतील हे कुणी सांगू शकत नाही. बसतील, एवढं नक्की.

माणसं कुठे जाणार

भूकंपशास्त्रज्ञ काट्सुहिको इशिबाशी यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की अणुकेंद्राजवळचा मोठा भूकंप ही दुहेरी आपत्ती असते. रस्ते, पूल, रुग्णालयं, फोन, वीज हे सगळं भूकंपानं मोडलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच हजारो लोकांना दूर न्यायचं असतं. फुकुशिमात हे अक्षरशः खरं ठरलं. दीड लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. अणुकेंद्राजवळच्या एका रुग्णालयातून आणि त्याच्या वृद्धाश्रमातून हलवताना व त्यानंतर चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. किरणोत्सर्गानं नव्हे, तर थंडी, उपास आणि तासन्‌तास चाललेल्या बसप्रवासानं. फुताबा गाव तर अकरा वर्षं पूर्ण रिकामं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या एका भागात पुन्हा राहता येऊ लागलं, पण परतलेले लोक मूठभर आहेत.

१ जानेवारी २०२४ रोजी जपानच्याच नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपानं हा धडा पुन्हा दिला. तिथलं शिका अणुकेंद्र बंद असल्यानं मोठा अनर्थ टळला. पण ठरवलेले स्थलांतराचे रस्ते जागोजागी खचले, गावं तुटली आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काही ठाण्यांकडून आकडेच येईनात. पळून जाण्याचा रस्ताच ज्या आपत्तीत मोडतो, त्या आपत्तीसाठी कागदावरचा नकाशा पुरेसा नसतो.

तारापूर, माडबन आणि आपण

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ पासूनची. ती फुकुशिमाच्या युनिट १ प्रमाणेच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची, उकळत्या पाण्याच्या जातीची. २०११ नंतर देशातल्या केंद्रांची फेरतपासणी झाली आणि वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी देता यावं अशा सोयी करण्याचं ठरलं. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचं केंद्र प्रस्तावित आहे. सडा समुद्रापासून सुमारे पंचवीस मीटर उंच असल्यानं त्सुनामीची चिंता तिथे कमी आहे. भूकंपाचा प्रश्न मात्र आहे. एप्रिल २०११ मध्ये त्या परिसरात विरोधाचं आंदोलन पेटलं आणि पोलीस गोळीबारात एका स्थानिकाचा जीव गेला. त्याच वर्षी रॉजर बिल्हम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की या भागात मोठ्या भूकंपाची नोंद नसणं म्हणजे तो होणार नाही असं नव्हे. आराखड्यात भूकंपाचा पुरेसा विचार केलेला आहे, अशी अणुऊर्जा महामंडळाची भूमिका आहे.

नोंद नाही म्हणजे धोका नाही, या समजुतीची किंमत आपण मोजलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरलं, त्याआधी दख्खनच्या या खडकाला सगळे स्थिर मानत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी जमीनदोस्त झालं, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंपनकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा नंतर बदलला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत गेलेली हजारो माणसं परत आली नाहीत.

म्हणून तारापूर असो, माडबन असो, आपण विचारायचे प्रश्न साधे आहेत. भूकंपाचा अभ्यास कुणी केला, कधी केला आणि तो लोकांना वाचायला मिळतो का? नवा पुरावा आला की हिशेब किती महिन्यांत पुन्हा मांडला जातो? स्थलांतराचा रस्ता पावसाळ्यात, पूल पडलेला असताना वापरून पाहिला आहे का? बसवलेली यंत्रं चालू आहेत ना, हे कोण तपासतं आणि बंद असतील तर ते कधी जाहीर होतं? अणुऊर्जेच्या बाजूनं असलेल्यांनी हे प्रश्न आधी विचारावेत, कारण उत्तरं चुकली तर सर्वात मोठं नुकसान त्यांच्याच स्वप्नाचं होईल.

भूकंप माणसाच्या हातात नाही. कुठली भिंत किती उंच बांधायची, हौद कधी रिकामा करायचा, बिघडलेलं यंत्र केव्हा दुरुस्त करायचं, हे सगळं माणसाच्या हातात आहे. हिराईंनी ते खर्चाची पर्वा न करता वेळेवर केलं आणि एक केंद्र वाचलं. त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या केंद्रात तोच निर्णय अभ्यासाच्या नावाखाली लांबवला गेला आणि त्याची किंमत दीड लाख लोकांनी मोजली. अणुकेंद्राच्या बाबतीत लांबवलेला निर्णय हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची जबाबदारी तो लांबवणाऱ्यावर असते. आपल्या किनाऱ्यावर असा निर्णय कुणी लांबवत असेल, तर त्याचा जाब आजच विचारा.